रंगीत काचेंतील देव

देवाचें रूप काचेंत असावें कीं नसावें, हा वाद आमच्या छत्रपति संभाजीनगरांत अलीकडे वारंवार कानांवर येऊं लागला आहे. शहर वाढत चाललें आहे; नव्या वसाहतींत बंगले उठत आहेत, जुन्या देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत, आणि या दोन्ही ठिकाणीं दाराच्या वरच्या झडपेंत गणपति, जिन्याच्या उंच खिडकींत मुरलीधर, सभामंडपाच्या तावदानांत विठ्ठल-रखुमाई अशीं रंगीत काचेचीं चित्रें बसविण्याची हौस वाढली आहे. हौस वाढली कीं तिच्यामागून पक्षही उभे राहतात. एक पक्ष म्हणतो कीं, रंगीत तावदानांत देव दाखविणें ही ख्रिस्ती देवालयांची रीत. ती हिंदूंच्या घरांत व देवळांत शिरतां कामा नये. दुसरा पक्ष म्हणतो कीं, सुंदर तें सुंदर. पैसे आमचे, खिडकी आमची, देवही आमचा. मग तिऱ्हाइतानें त्यांत नाक खुपसण्याचें कारण काय? आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकत आहेत. पहिला पक्ष कसोटी चुकीची लावतो. दुसरा कोणतीच कसोटी लावीत नाहीं. आणि दोहोंत अधिक नुकसान दुसऱ्याकडून होत आहे, हें दाखविण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण वादांत हिरिरीनें भाग घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं ती जवळून पाहिलेलीच नसते. खरें रंगीत तावदान म्हणजे काचेवर काढलेलें चित्र नव्हे. त्यांतला रंग काचेच्या अंगांतच असतो. काच वितळलेली असतांना तिच्यांत धातूंचीं भस्में मिसळतात. कोबाल्टानें ती निळी होते, मँगनीजनें जांभळी, तांब्यानें किंवा सोन्यानें लाल. अशा निरनिराळ्या रंगांच्या काचा आराखड्याबरहुकूम कापून त्यांचे तुकडे दोन्ही बाजूंस खांचा असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत बसवितात, आणि पट्ट्यांचे सांधे कथलाचा डाख देऊन जोडतात. नाक, डोळे, बोटें, वस्त्राच्या चुण्या एवढेंच काय तें काळपट रंगानें काचेवर रेखाटून भट्टींत सुमारें ६०० ते ६५० अंश सेल्सियस उष्णतेवर भाजतात, म्हणजे ती रेषा काचेशीं एकजीव होते. तेव्हां या कलेंत चित्रकाराच्या हातीं मुख्य साधनें दोनच: काचेचा रंग आणि शिशाची रेषा. तिसरें साधन सूर्याचा प्रकाश. तें त्याच्या हातीं नसतें. सकाळचें चित्र दुपारीं तसेंच राहत नाहीं, आणि दिवस मावळला कीं आंत बसलेल्या माणसापुरतें तें विझून जातें.

आतां आपल्या बाजारांत याच नांवाखालीं काय विकलें जातें तें पाहा. साध्या काचेवर प्लॅस्टिकचा रंगीत पापुद्रा चिकटवितात, आणि रेषांच्या जागीं मागें गोंद लावलेली शिशाची पट्टी दाबून बसवितात. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे संगणकांतलें एखादें चित्र जसेंच्या तसें पापुद्र्यावर छापून काचेवर ओढावयाचें. सकाळीं माप घेतलें कीं संध्याकाळीं देव तयार! आम्ही यास नांवें ठेवतों तीं तो माल स्वस्त आहे म्हणून नव्हे. दिवाळींतला कागदी आकाशकंदील याहूनही स्वस्त असतो, आणि उजेड रंगांतून गाळून दाखविण्याची आपल्या घरांतली सर्वांत जुनी हौस तोच पुरवितो. पण कंदील हा आपण कागद आहों हें कोणापासून लपवीत नाहीं. पापुद्रा मात्र आपण काच आहों असें सांगतो, वर आपण तैलचित्र आहों असेंही सांगतो, आणि अंतीं दोहोंपैकीं कांहींच नसतो.

असो. आधीं पहिल्या पक्षाचें म्हणणें तपासूं. रंगीत तावदान ही वस्तु आपल्याकडे इंग्रजांबरोबर व त्यांच्या देवालयांबरोबर आली, हें खरें आहे. मुंबईस कुलाब्यावरचें अफगाण चर्च हें पहिल्या अफगाण युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलें गेलें व १८५८ सालीं त्याचा अर्पणविधि झाला. तेथील तावदानें न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यानें केलेलीं आहेत. तीं निःसंशय ख्रिस्ती आहेत. पण तीं ख्रिस्ती आहेत तीं विषयामुळें, काचेमुळें नव्हे. त्याच मुंबईंत बोरीबंदरच्या स्थानकांत रंगीत काचा आहेत व त्यांत रेल्वे कंपनीची मुद्रा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला व त्यावरील राजाबाई मनोऱ्याला रंगीत तावदानें आहेत. त्या तावदानांखालीं बसून वेदान्ताचीं पुस्तकें वाचणाऱ्या कोणा शास्त्र्याचा धर्म बुडाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तिकडे इजिप्त, येमेन वगैरे देशांतील मुसलमान कारागिरांनीं गच्चीच्या जाळींत रंगीत काचेचे तुकडे बसवून मशिदी व घरें शतकानुशतकें सजविलीं. तेव्हां काचेला धर्म लावावयाचाच झाला, तर निदान दोन धर्मांत तिची वांटणी करावी लागेल. मग तिसऱ्यानेंच तिला कां वगळावें?

शिवाय, हा प्रश्न आज प्रथमच उपस्थित झाला आहे असेंही नाहीं. आमच्या मराठी राजांनीं तो सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वी आपल्यापुरता सोडविला. कोल्हापुरचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्याप्रमाणें १८७७ ते १८८४ या काळांत उठला. त्याच्या दरबारी दालनांतील रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रांतील प्रसंग आहेत. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा याच मँटनें आरंभिला, त्याच्या मृत्यूनंतर चिझम यानें तो पुढें चालविला व १८९० सालीं तो पुरा झाला. त्याच्या दरबारी दालनास यूरोपांतून आणविलेलीं तावदानें आहेत व त्यांत आपल्या पुराणांतील देवदेवता आहेत. हा राजवाडा बांधविणारे सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी घरांत जन्मलेले. मराठी, संस्कृत, गुजराती या भाषांतील विद्येला त्यांनीं दिलेला आश्रय ज्यास ठाऊक आहे, तो त्यांच्यावर परधर्माच्या अनुकरणाचा आरोप करण्यापूर्वी दोनदां विचार करील. राजाच्या दरबारांत चालणारा देव सामान्य गृहस्थाच्या जिन्यावर बाटतो, असें तर आक्षेपकांस म्हणावयाचें नाहीं ना?

परकेपणाचा हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थाच्या देवघरांत आपण डोकावलों, तर भिंतीवर बहुधा कमलासनस्थ लक्ष्मीचें किंवा सरस्वतीचें छापील चित्र दिसेल. तें चित्र कोठून आलें? राजा रविवर्मा यानें यूरोपीय तैलरंगांची पद्धति आत्मसात् केली, १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, आणि जर्मन यंत्रांवर व जर्मन तंत्रज्ञांच्या साह्यानें देवांच्या रंगीत तसबिरी घरोघर पोंचविल्या. म्हणजे रंग विलायती, छाया-प्रकाशाची रीत विलायती, यंत्र विलायती, आणि देवी मात्र आपली. आणि तिच्यापुढें आपल्या आज्या-पणज्यांनीं निःशंकपणें उदबत्ती लावली. त्याहूनही मागें जावयाचें तर काचेच्याच पाठीवर उलटें रंगवून पुढून पाहावयाचीं चित्रें घ्या. अठराव्या शतकांत कँटनच्या चिनी कारागिरांकडून ही विद्या पश्चिम किनाऱ्यावर आली. पुढें महाराष्ट्रांतल्या व मराठ्यांच्या तंजावरांतल्या चितारींनीं ती उचलली आणि तिच्यांत राम, कृष्ण, लक्ष्मी रंगविले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अशीं काचचित्रें आजही पाहावयास मिळतात. तेव्हां देव काचेंत आला त्याला कित्येक पिढ्या लोटल्या. आज नवीन आहे तें त्याच्या पाठीमागें पडणारें ऊन.

आणि तें तरी नवीन कोठें आहे? कुडाळजवळच्या पिंगुळी गांवचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. ताणलेला पडदा, मागें दिवा, आणि दिवा व पडदा यांच्यामध्यें राम-रावणांच्या आकृति. प्रेक्षक पाहतो तो दिव्याच्या उजेडानेंच. प्रकाश पाठीमागें ठेवून देवाचें दर्शन घडविण्याची कल्पना सिंधुदुर्गांतल्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या माणसांस सुचली होती. तिच्यासाठीं फ्रान्सला जाण्याची त्यांस गरज पडली नाहीं.

कांहीं आक्षेपक शास्त्राचा आधार मागतात. त्यांस आम्ही पैठणास नेऊं इच्छितों. पैठण आमच्याच जिल्ह्यांत आहे. तेथल्या एकनाथांनीं ज्या भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहावयास घेतली व १५७३ सालीं काशीस ती पुरी केली, त्या स्कंधांत प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लांकडाची, धातूची, माती-चंदनादि लेपाची, चितारलेली, वाळूची, मनांतली आणि रत्नाची. यांत मनांतल्या प्रतिमेला जागा आहे, वाळूच्या प्रतिमेला जागा आहे. मग वाळू भाजूनच जी काच होते तिच्यांत देव कां मावूं नये, हें आक्षेपकांनींच सांगावें. दुसरी शंका खंडित मूर्तीची. काच फुटते, आणि शिशाच्या रेषांनीं देवाचे तुकडे झालेले दिसतात, असें म्हणतात. परंतु खंडित मूर्तीचा निषेध हा प्राणप्रतिष्ठा झालेल्या, पूजेंतल्या मूर्तीपुरता आहे. देवळाच्या बाह्यांगावर, देवकोष्ठांत, शिखरावर ज्या मूर्ति असतात त्यांची षोडशोपचार पूजा कोणी करीत नाहीं. तावदानांतील देवाचें स्थान त्यांच्या पंक्तीला आहे. आणि शिशाच्या रेषेनें देव तुटत नाहीं. त्याच रेषेनें तो उभा राहिलेला असतो. ती काढा, म्हणजे खालीं रंगीत तुकड्यांचा ढीग तेवढा उरेल.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो हा पक्ष मांडीत नाहीं, म्हणून आम्हीच मांडतों. आपल्या देवळांत देव अंधारांत असतो. उन्हांतून आंत यावें, मंडपाच्या सावलींत डोळे निवावेत, आणि मग गाभाऱ्याच्या काळोखांत समईच्या ज्योतीनें मुखदर्शन व्हावें, हा क्रम शेंकडों वर्षें चालत आला आहे. तेथें प्रकाश देवावर पडतो. तावदानांत तो देवांतून येतो. हे दोन निराळे अनुभव आहेत. तेव्हां गाभाऱ्याच्या भिंतीस भगदाड पाडून तेथें रंगीत काच बसविण्याची जी कल्पना जीर्णोद्धाराच्या उत्साहांत कोणाच्या डोक्यांत येईल, तिला आमचा पूर्ण विरोध आहे. पण या आक्षेपाची धांव गाभाऱ्यापाशीं संपते. प्रकाश मुद्दाम खेळवून दाखविण्याची विद्या याच भूमींत किती जुनी आहे, तें अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याच्या दर्शनी भिंतींतील नालाकृति गवाक्ष सांगतें. आंतल्या स्तूपावरील बुद्धमूर्तीवर पडणारा उजेड त्यांतून येतो. वेरूळचीं लेणीं पश्चिमाभिमुख आहेत; दुपार कलली कीं ऊन खांबांच्या रांगांतून आंत सरकूं लागतें आणि सकाळीं मुक्या वाटलेल्या भिंती बोलूं लागतात. बीबीच्या मकबऱ्यांतील संगमरवरी जाळ्या उन्हाची धार बोथट करूनच त्यास आंत घेतात. बौद्ध, हिंदु, मुसलमान, तिघांनींही या जिल्ह्यांत उन्हाशीं बोलणें केलेलें आहे. रंगीत काच हें त्याच बोलण्यांतलें आणखी एक वाक्य होऊं शकतें.

येथवर पहिल्या पक्षाचा समाचार झाला. आतां दुसऱ्याकडे, म्हणजे पैसे आमचे आणि खिडकी आमची म्हणणाऱ्यांकडे, वळलें पाहिजे. यांचा अपराध काच वापरण्याचा नाहीं. काचेला काच म्हणून न वापरण्याचा आहे. प्रत्येक माध्यमाला आपला एक कायदा असतो, आणि तो पाळूनच त्यांत सौंदर्य उत्पन्न होतें. पैठणीच्या पदरावरचा मोर घ्या. अरण्यांतला मोर तसा दिसत नाहीं; त्याच्या अंगास कोन आहेत, पायऱ्या आहेत. ताणा-बाण्यांतून जेवढी वळणें निघतात तेवढींच त्यानें पत्करलीं आहेत, म्हणून तो शोभतो. उद्यां कोणी पैठणीवर छायाचित्रांतला हुबेहूब मोर छापून दिला, तर आमच्या घरांतल्या स्त्रिया तें लुगडें हातांतही धरणार नाहींत. जी पारख लुगड्याच्या बाबतींत आपल्या घरांत जागी आहे, ती देवाच्या बाबतींत कां झोंपावी?

काचेचा कायदा असा कीं, तिच्यांत गोलाई दाखवावयाची नसते. कॅलेंडरांतल्या कृष्णाचे गुबगुबीत गाल, गालांवरची लाली, पाठीमागच्या ढगांची मऊ छटा, हें सारें अपारदर्शक रंगाचें काम आहे. तें काचेवर करावयाचें तर काचेवर जाड रंग चढवावा लागतो. जाड रंग चढविला कीं उजेड अडतो. आणि उजेड अडला कीं काच ती कशासाठीं? ही चूक केवळ आपलीच आहे असें नाहीं. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सर जोशुआ रेनल्ड्स यांच्यासारख्या थोर चित्रकाराच्या आराखड्यावरून ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजांतील पश्चिमेकडची मोठी खिडकी तैलचित्राच्या धर्तीवर रंगविण्यांत आली, आणि पुढच्या पिढ्यांतील जाणत्यांनीं तिला निस्तेज ठरविलें. रेनल्ड्स लहान चित्रकार नव्हता. त्यानें काचेकडून कापडाचें काम मागितलें, इतकेंच. पुढें १८६१ सालीं विल्यम मॉरिस यानें आपली कर्मशाळा काढली आणि बर्न-जोन्स याच्या आराखड्यांवरून ठसठशीत शिशाच्या रेषांचीं, अंगच्या रंगाच्या काचांचीं तावदानें पुन्हां होऊं लागलीं. ज्या यूरोपचें आपण अनुकरण करतों असें पहिला पक्ष म्हणतो, त्या यूरोपनें ही वाट चुकून ती सोडूनही दिली. आणि आपण आज त्याच टाकून दिलेल्या वाटेवर छापखाना घेऊन निघालों आहों.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकांस कॅलेंडरांतला गोड चेहराच देव वाटतो. त्यास तुम्ही काय करणार? आमचें उत्तर असें कीं, लोकांस दुसरें कांहीं दाखविलें आहे कोठें? विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत सांगितलें आहे कीं, आचार्य रेषेची प्रशंसा करतात आणि सामान्य जन रंगांच्या समृद्धीवर भाळतात. काचेच्या चित्रांत आचार्य आणि सामान्य जन या दोघांचेंही समाधान करण्याची सोय आहे, कारण त्यांत रेषाही ठळक लागते आणि रंगही भरपूर लागतो. अशी रेषा आपल्याजवळ नाहीं काय? पैठणी शैलीचीं म्हणून जीं चित्रकथींचीं जुनीं चित्रें ओळखलीं जातात, तीं पाहावीं. एका बाजूनें दिसणारे चेहरे, मोठाले डोळे, काळ्या कडांत बांधलेले सपाट लाल-पिवळे रंग, रणांत धांवणारे वीर. त्या काळ्या कडेच्या जागीं शिसें ठेवा, सपाट रंगाच्या जागीं काच ठेवा. अर्धा आराखडा आपोआप तयार होतो. आणि वेरूळ तर दारांतच आहे. तेथें १३ पासून २९ पर्यंतचीं लेणीं हिंदूंचीं. दशावताराच्या लेण्यांतला नरसिंह, कैलासांत पर्वत हलविणारा रावण व वर निश्चल बसलेला शिव, या आकृतींची बाह्यरेषा इतकी पक्की आहे कीं, दूरवरून केवळ छायेवरून त्या ओळखूं येतात. तावदानाला याहून दुसरें काय हवें असतें? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं आठव्या शतकांत कोरलेल्या त्याच कैलासावर एके काळीं गिलावा व रंग होता, आणि त्यावरून लोक त्यास रंगमहाल म्हणत. छतांवर त्या रंगांचे अवशेष आजही आहेत. म्हणजे रंगाचें वावडें आपल्या देवांस कधींच नव्हतें.

याखेरीज उन्हाचा व्यावहारिक प्रश्न आहे, आणि त्याकडे कोणाचेंच लक्ष नाहीं. फ्रान्समधलें शार्त्र हें विषुववृत्तापासून सुमारें ४८ अंशांवर, आणि आमचें शहर सुमारें २० अंशांवर. मे महिन्याच्या उत्तरार्धांत दुपारचा सूर्य येथें अगदीं माथ्यावर असतो. उभ्या खिडकीवर खरा मारा होतो तो सकाळीं पूर्वेकडून व दुपारनंतर पश्चिमेकडून. पश्चिमेच्या भिंतीवर फिक्या काचेचें तावदान बसविलें तर चित्र न दिसतां नुसता झगझगाट डोळ्यांत जातो; प्रखर उजेड बारीक रेषांस गिळून टाकतो; आणि छापील पापुद्रा तर कांहीं उन्हाळ्यांतच विटून देवाचा निळा रंग राखी होतो. म्हणून आपल्याकडे काच गडद हवी, रेषा जाड हवी, खिडकीवर छज्जा हवा, आणि दिशा शक्यतों पूर्व किंवा उत्तर हवी. मुख्य म्हणजे आंतली खोली सावळी हवी. शेजारीं मोठाल्या साध्या काचेच्या खिडक्या असतील, तर मधलें रंगीत तावदान मेलेलेंच दिसणार. दगडी सभामंडपाची मंद सावली या कलेला जितकी अनुकूल, तितका चोहोंकडून काचा लावलेला नवा दिवाणखाना प्रतिकूल आहे. पण माप घेणारा दुकानदार दिशा विचारीत नाहीं, आणि घरधनी सांगत नाहीं.

औचित्याचाही प्रश्न आहे. देवाचें चित्र आहे म्हणून तें कोठेंही शोभतें असें नव्हे. पायऱ्यांच्या अगदीं तळाशीं, चपलांच्या फडताळामागें, न्हाणीघराच्या दारावर, किंवा जेथें देवाचें नांव घेण्यासही माणूस संकोचेल अशा उपाहारगृहाच्या आडोशावर गणपति बसविला, तर तो काचेंत आहे कीं दगडांत, हा प्रश्न उरतच नाहीं. तेथें देव शोभेची वस्तु झाला. जुन्या वाड्यांच्या दारांवरची गणेशपट्टी पाहा. तिची जागा ठरलेली, चौकटीच्या बरोबर मध्यावर, येणाऱ्याच्या डोक्यावर. सुतारास ती जागा माहीत होती आणि घरधन्यास तिचा अर्थ माहीत होता. आज जागा ठरवितो तो नकाशा करणारा, चित्र ठरवितो तो दुकानाच्या पुस्तकांतला नमुना, आणि घरधन्याकडे राहतें तें फक्त बिल.

मग करावयाचें काय? केवळ नांवें ठेवून थांबणें हें टीकाकाराचें काम नव्हे. आमच्या शहरांत सरकारी कला महाविद्यालय आहे. जगांतल्या चित्रकारांनीं ज्यांच्यासाठीं समुद्र ओलांडले तीं लेणीं तेथून एका दिवसांत पाहून येतां येतात. तेथल्या विद्यार्थ्यांस वेरूळच्या आकृति बाह्यरेषेंत उतरविण्याचा आणि त्यांचे काचेसाठीं आराखडे करण्याचा अभ्यास लावावा. काच कापणें, शिसें बसविणें, भट्टी लावणें या गोष्टी शिकविणारी एक लहानशी कर्मशाळा उभारणें कोणत्याही मोठ्या देवस्थानास अशक्य नाहीं. बडोद्याच्या व कोल्हापुरच्या राजवाड्यांत ही कला आली, पण आमच्या चितारींच्या व सुतारांच्या हातांत ती मुरली नाहीं. राजवाड्यांच्या भिंतींपाशींच थबकली. तो अपुरा राहिलेला धागा आतां पुढें नेण्यासारखा आहे. यांत दहा-पांच तरुणांच्या पोटापाण्याचाही प्रश्न सुटेल, आणि आज जो पैसा पापुद्र्यांवर जातो तो हातांस मिळेल.

देवस्थानांच्या विश्वस्तांस व घर बांधणाऱ्या गृहस्थांस आमची एवढीच विनंति आहे कीं, काम देण्यापूर्वी त्यांनीं तीन प्रश्न विचारावेत. रंग काचेच्या अंगांत आहे कीं वर चिकटविलेला आहे? आकृति काचेसाठीं काढलेली आहे कीं दुसऱ्या चित्रावरून उचललेली आहे? आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे, तिच्यावर ऊन केव्हां येतें? या तीन प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळत नसतील, तर तेथें साधी काच लावावी. साध्या काचेंतून निदान तुळस दिसते, पाऊस दिसतो, अंगणांतला पारिजातक दिसतो. खर्च परवडत नसेल तर हातभर तावदान करावें. अख्खी भिंत झांकण्याची सक्ति कोणी केलेली नाहीं. देवळांचे पैसे भाविकांनीं पै-पै करून दिलेले असतात. त्या पैशांतून विटणारा देव विकत घेणें, हा दात्यांचा अपमान आहे, आणि त्याचा जाब विश्वस्तांस विचारला गेला पाहिजे. पहिल्या पक्षानें आपला सगळा आवेश या प्रश्नावर खर्च केला, तर त्याच्या धर्मनिष्ठेचा उपयोग होईल. काच परकी कीं आपली, हें ठरवीत बसल्यानें होणार नाहीं.